डिस्कला हात लावण्याआधी: युनिक्स मशीनचा बॅकअप आणि डिस्कची मांडणी, क्रमाने

‘बॅकअप आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण होम डिरेक्टरीची प्रत दाखवतात. प्रत असते, चांगलीही असते, पण डिस्क गेल्यावर तेवढ्यावर मशीन उभं राहत नाही. मशीन उभं करताना सहा गोष्टी एकामागून एक लागतात: पार्टिशन टेबल (डिस्कचे तुकडे कुठे पाडले आहेत त्याची नोंद), मग असेल तर एनक्रिप्शन आणि एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारा थर), मग फाइल सिस्टिम, मग फाइली, मग एफएसटॅबमधल्या (कोणती डिस्क कोणत्या डिरेक्टरीवर माउंट करायची, म्हणजे जोडायची, ते सांगणारी फाइल) डिस्कच्या ओळखी आणि शेवटी बूटलोडर (मशीन सुरू होताना ओएस चालू करणारा प्रोग्राम). होमची प्रत म्हणजे यातल्या चौथ्या गोष्टीचा एक तुकडा.

म्हणून या लेखात बॅकअपचा विचार रिस्टोअरच्या क्रमाने केला आहे. या सहा गोष्टींपैकी प्रत्येकीसाठी तुमच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. नवीन पार्टिशन पाडायचा विचार त्यानंतर.

आज्ञा, ऑप्शन आणि डिरेक्टरींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची. वर्णन मुख्यतः लिनक्सचं आहे. फ्रीबीएसडीवर जिथे वाट वेगळी होते, तिथे तसं सांगितलं आहे. सगळी कामं रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून करायची आहेत, म्हणजे एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचायची.

## १. आहे ते आधी लिहून काढा

पहिली कमांड ‘एलएसबीएलके -एफ’. कोणत्या डिस्कवर कोणतं पार्टिशन, त्यावर कोणती फाइल सिस्टिम, तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) काय आणि ती कुठे माउंट झाली आहे, हे सगळं एका पडद्यावर दिसतं. याचं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा. ज्या डिस्कचा नकाशा आहे त्याच डिस्कवर नकाशा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी ‘डीएफ -एच’, म्हणजे किती जागा भरली. तिच्या पाठोपाठ ‘डीएफ -आय’ चालवा, कारण जागा शिल्लक असूनही आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपू शकतात. सेशनच्या किंवा मेलच्या लाखो बारीक फाइली साठल्या की डिस्क चाळीस टक्केच भरलेली दिसते, तरी नवी फाइल तयार होत नाही. एक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये आयनोडची संख्या फाइल सिस्टिम बनवतानाच ठरते आणि नंतर नुसती वाढवता येत नाही. त्यामुळे नव्या मांडणीसाठी हा आकडा आत्ताच हवा.

तिसरी ‘डीयू’, तीही ‘-एक्स’ लावून. त्यामुळे मोजणी एकाच फाइल सिस्टिममध्ये राहते, नाहीतर माउंट केलेल्या दुसऱ्या डिस्कही बेरजेत येतात.

डीएफ आणि डीयूचे आकडे जुळत नसतील तर साधारण दोन कारणं असतात. एक, मोठी लॉग फाइल कुणीतरी पुसली, पण एखाद्या चालू प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइली दाखवतं. दोन, एखादी डिस्क माउंट होण्याआधी त्या डिरेक्टरीत फाइली लिहिल्या गेल्या आणि आता त्या माउंटखाली झाकल्या आहेत. मुळावरची ‘/’ फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या डिरेक्टरीवर बाइंड माउंट केली, म्हणजे तीच दुसऱ्या जागीही दाखवली, की त्या दिसतात. हा फरक न समजून घेता मांडणी ठरवली तर आकार चुकतात.

इशारा: एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. रीबूटनंतर किंवा यूएसबी डिस्क लावल्यावर ती बदलू शकतात. डिस्कचा सिरीयल नंबर लिहून ठेवा. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या डिरेक्टरीत तो नावातच सापडतो.

## २. काय घ्यायचं, काय सोडायचं

/ईटीसी पूर्ण घ्या. त्यातल्या काही निवडक फाइली नकोत; अख्खी डिरेक्टरी साधारण काही एमबींचीच असते. /होम आणि /रूट घ्या. /युएसआर/लोकल, /ऑप्ट आणि /एसआरव्ही यांत पॅकेज मॅनेजरच्या बाहेरून आलेल्या गोष्टी असतात, त्याही घ्या. फ्रीबीएसडीवर पॅकेजमधून आलेल्या प्रोग्रामच्या सेटिंग /ईटीसीत नसतात, /युएसआर/लोकल/ईटीसीत असतात. लिनक्सच्या सवयीने तिथे फक्त /ईटीसी उचलणारा माणूस वेबसर्व्हर आणि डेटाबेसच्या सेटिंग मागे सोडून येतो.

खरा गुंता /व्हारमध्ये आहे. तात्पुरत्या आणि अतिमहत्त्वाच्या गोष्टी तिथे शेजारी शेजारी राहतात. /व्हार/कॅश बिनधास्त सोडा. /व्हार/लिबमध्ये डेटाबेस असतात, पण त्यांची नुसती प्रत चालत नाही (त्यांच्याकडे पाचव्या पायरीत येतो). /व्हार/स्पूल/क्रॉनमध्ये प्रत्येक युजरची क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) असते आणि सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच. मशीन परत उभं राहतं, सगळं चालताना दिसतं, आणि महिन्याभराने लक्षात येतं की रात्रीचा एकही जॉब चाललेला नाही. डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर इमेज पुन्हा ओढता येतात, पण व्हॉल्यूममधला डेटा येत नाही. /व्हार/लिब/डॉकरखालची व्हॉल्यूम्सची डिरेक्टरी यादीत घाला. लॉग घ्यायचे की नाही हे कामावर आहे. ऑडिटसाठी लागणार असतील तर घ्या, नाहीतर राहू द्या.

/प्रॉक, /सिस, /डेव्ह आणि /रन कधीच घेऊ नका. यातल्या फाइली डिस्कवर नसतात, मशीन चालू असताना कर्नल आणि चालू प्रोग्राम त्या तयार करतात. ६४ बिट लिनक्सवर /प्रॉक/केकोअर ही फाइल तब्बल १२८ टीबीची दिसते. ती प्रत करायला निघालेला बॅकअप कधी संपत नाही. /टीएमपी, स्वॅप फाइल (रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी) आणि बॅकअपची डिस्क जिथे माउंट आहे ती डिरेक्टरीही वगळा. शेवटची वगळायची राहिली तर बॅकअप स्वतःचीच प्रत करत बसतो.

सोबत पॅकेजची यादी घ्या. डेबियन घराण्यात ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’, रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यूए’, फ्रीबीएसडीवर ‘पीकेजी इन्फो’.

सगळी सिस्टिम घ्यावी की फक्त सेटिंग आणि डेटा? डिस्क बदलून तेच मशीन पुढे चालवायचं असेल तर सगळी. ओएस नव्याने टाकायची असेल तर सेटिंग, डेटा आणि पॅकेजची यादी पुरते. ठरत नसेल तर सगळी घ्या. जास्तीचं नंतर पुसता येतं.

## ३. बॅकअपची जागा तयार करा

त्याच डिस्कवरचं दुसरं पार्टिशन हा बॅकअप नाही. रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणारी जोडणी, तीही नाही. रेड डिस्क बिघडल्यावर मदत करतं. पण चुकून पुसलेली फाइल ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसतं. बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा, आणि एक प्रत वेगळ्या ठिकाणी.

या पायरीतली नेहमीची चूक म्हणजे दुकानातून आणलेली यूएसबी डिस्क तशीच वापरणं. तिच्यावर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं. या फाइल सिस्टिमना युनिक्सचे मालक, परमिशन आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) ठेवता येत नाहीत. प्रत होते, फाइली दिसतात, आणि रिस्टोअर केल्यावर कुठलीच फाइल योग्य मालकाची नसते. फॅट३२ मध्ये शिवाय ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एकतर डिस्क एक्सटी४ ने फॉरमॅट करा, किंवा (फॅट३२ ची ४ जीबीची मर्यादा लक्षात ठेवून) सगळं टारच्या फाइलमध्ये बांधून ठेवा. टार मालक आणि परमिशन आपल्या पोटात सांभाळतं, बाहेरची फाइल सिस्टिम कोणतीही असो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. रात्री चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट होती, बाहेरची डिस्क एका डिरेक्टरीवर माउंट व्हायची. एकदा रीबूटनंतर डिस्क माउंट झाली नाही. डिरेक्टरी मात्र होतीच, रिकामी. स्क्रिप्टने निमूट त्या डिरेक्टरीत, म्हणजे मुळाच्या फाइल सिस्टिमवर, बॅकअप लिहायला सुरुवात केली. ती फाइल सिस्टिम भरली, सेवा बंद पडल्या, आणि मी तासभर लॉग फाइलींना दोष देत होतो.

यावर दोन उपाय, दोन्ही करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ ने तपासा; डिस्क माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. आणि डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘सीएचएटीटीआर +आय’ लावून ठेवा. मग रूटलाही त्यात काही लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट झाली की नेहमीसारखं चालतं.

बॅकअपमध्ये /ईटीसी/शॅडो (पासवर्डची फाइल) आणि एसएसएचच्या खाजगी किल्ल्या जाणार आहेत. डिरेक्टरीची परमिशन ७०० ठेवा. डिस्क घराबाहेर किंवा ऑफिसबाहेर जाणार असेल तर ती एनक्रिप्ट करा, पण पासवर्ड फक्त त्याच मशीनवर लिहून ठेवू नका.

तपासा: डिस्कवर मोकळी जागा सध्याच्या वापराच्या निदान दुप्पट आहे ना?

## ४. मांडणीचा बॅकअप

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि यातून तयार होणाऱ्या फाइली इवल्याशा असतात. तरीही बहुतेक बॅकअपमध्ये त्या नसतात.

पार्टिशन टेबलसाठी ‘एसएफडिस्क -डी’ आणि पुढे डिस्कचं नाव. आउटपुट साधा मजकूर असतो, फाइलमध्ये वळवा. तीच फाइल पुढे एसएफडिस्कला इनपुट म्हणून दिली की तसंच टेबल पुन्हा तयार होतं. जीपीटी (पार्टिशन टेबलची आताची पद्धत) डिस्कसाठी ‘एसजीडिस्क’चं बॅकअपचं ऑप्शनही आहे. फ्रीबीएसडीवर ‘जीपार्ट बॅकअप’. जीपीटी टेबलची एक प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप असते हे खरं, पण डिस्कच गेली तर तीही जाते.

एलव्हीएम असेल तर ‘व्हीजीसीएफजीबॅकअप’ चालवा. एलव्हीएम स्वतः /ईटीसी/एलव्हीएममध्ये या माहितीच्या प्रती ठेवतं, पण त्या त्याच डिस्कवर असतात. सॉफ्टवेअर रेड असेल तर ‘एमडीएडीएम’चं डिटेल-स्कॅनचं आउटपुट घ्या. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली बूटची पद्धत) मशीनवर ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’ आणि सगळीकडे ‘बीएलकेआयडी’.

एलयूकेएसने (लिनक्सची नेहमीची डिस्क एनक्रिप्शनची पद्धत) एनक्रिप्ट केलेल्या डिस्कसाठी एक गोष्ट कधीही चुकवू नका: ‘क्रिप्टसेटअप’च्या एलयूकेएस-हेडर-बॅकअपने हेडरची प्रत घ्या. एलयूकेएस२ चं हेडर साधारण १६ एमबीचं असतं. ते खराब झालं तर पासवर्ड पाठ असूनही डेटा उघडत नाही, कारण खरी किल्ली पासवर्डमध्ये नसते, हेडरमध्ये असते. पासवर्ड फक्त ती उघडतो.

इशारा: हेडरची जुनी प्रत जुन्या पासवर्डने उघडते. पासवर्ड फुटला म्हणून बदलला असेल, तर जुन्या हेडरच्या प्रती शोधून नष्ट करा.

## ५. फाइलींचा बॅकअप

डेटाबेस आधी. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलल्या तर एक फाइल दहा वाजताची आणि दुसरी दहा वाजून चार मिनिटांची येते, आणि रिस्टोअरच्या वेळी डेटाबेस ती जोडी स्वीकारेलच असं नाही. पोस्टग्रेसक्यूएलसाठी ‘पीजी_डंपऑल’, मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलडंप’ सिंगल-ट्रान्झॅक्शनसह. हे ऑप्शन इनोडीबी टेबलांपुरतंच सुसंगत प्रतीची हमी देतं. डंप होऊन फाइल डिस्कवर आली की मगच पुढे.

आता फाइली. आरसिंकला (फाइलींची प्रत घेणारी कमांड) लोक फक्त ‘-ए’ देतात आणि सगळं आलं असं समजतात. या लहान ‘ए’मध्ये मालक, परमिशन, वेळा आणि सिमलिंक येतात. हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं) येत नाहीत, त्यासाठी मोठा ‘एच’. एसीएल (नेहमीच्या परमिशनपलीकडचे बारीक हक्क) येत नाहीत, त्यासाठी मोठा ‘ए’. एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा माहिती) येत नाहीत, त्यासाठी मोठा ‘एक्स’. शिवाय ‘न्यूमरिक-आयडीज’ हवंच. रिस्टोअर लाइव्ह यूएसबीवरून (जिच्यावरूनच ओएस थेट चालते ती पेनड्राइव्ह) होणार, आणि तिथल्या युजरनावांचे नंबर तुमच्या मशीनसारखे नसतात. हे ऑप्शन नसेल तर नावावरून नंबर जुळवले जातात आणि डेटाबेसच्या फाइली भलत्याच युजरच्या होऊन बसतात.

लहान ‘एक्स’ एकाच फाइल सिस्टिममध्ये राहायला सांगतो. त्यामुळे /प्रॉक वगैरे आपोआप गळतात, पण त्याचबरोबर वेगळ्या पार्टिशनवरचं /होम आणि /व्हारही गळतं. बॅकअपमध्ये त्यांच्या रिकाम्या डिरेक्टऱ्या दिसतात आणि नजर फसते. पहिल्या पायरीतली माउंटची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक फाइल सिस्टिमसाठी आरसिंक वेगळं चालवा. /बूट आणि /बूट/ईएफआयसुद्धा.

स्रोताच्या शेवटचा तिरका दांडा विसरू नका. ‘/होम/’ लिहिलं तर होमच्या आतलं सामान जातं, ‘/होम’ लिहिलं तर होम नावाची डिरेक्टरी जाते. बॅकअप घेताना एक आणि रिस्टोअर करताना दुसरं, असं झालं की /होम/होम तयार होतं.

इशारा: ‘डिलीट’ ऑप्शन स्रोतात नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही पुसतं. स्रोताची डिस्क माउंट नसेल तर स्रोत रिकामा, आणि रिकाम्या स्रोताशी जुळवलेला बॅकअपही रिकामा. पहिल्यांदा ‘-एन’ लावून, म्हणजे प्रत्यक्ष काही न करता, यादी बघा.

काम संपल्यावर आरसिंकचा एक्झिट कोड बघा. ० म्हणजे ठीक. २४ म्हणजे प्रत चालू असताना काही फाइली गायब झाल्या. चालू मशीनवर हे होतंच. २३ म्हणजे काही गोष्टी हस्तांतरित झाल्या नाहीत. कोणत्या ते लॉगमध्ये वाचा, दुर्लक्ष नको.

टार वापरत असाल तर एसीएल, एक्सअ‍ॅटर्स, न्यूमरिक-ओनर आणि वन-फाइल-सिस्टिम ही चार ऑप्शन द्या. नंतर त्या फाइलीचा एसएचए२५६ (फाइल बदलली का ते ओळखायचा चेकसम) काढून शेजारी ठेवा.

चालू मशीनची गोठवलेली प्रत हवी असेल तर एलव्हीएम स्नॅपशॉट घेऊन त्यावरून बॅकअप करा. स्नॅपशॉटला दिलेली जागा बॅकअप संपण्याआधी भरली तर तो निकामी होतो, म्हणून जागा ऐसपैस द्या आणि काम झाल्यावर तो काढून टाका. एक्सएफएस या फाइल सिस्टिमचा स्नॅपशॉट माउंट होत नसेल तर माउंटला ‘नोयूयूआयडी’ द्या. मूळ आणि प्रत दोघांचा यूयूआयडी एकच असल्यामुळे ते अडतं. फ्रीबीएसडीच्या यूएफएसवर ‘डंप’ला मोठा ‘एल’ दिला की स्नॅपशॉटचं काम तोच करतो.

आणि डीडी, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घेणारी कमांड? माउंट असलेल्या, चालू डिस्कवर डीडी चालवून मिळालेली इमेज अर्धवट लिहिलेल्या अवस्थेची असते. डीडी वापरायचंच असेल तर लाइव्ह यूएसबीवरून, डिस्क शांत असताना.

## ६. रिस्टोअर करून बघा, आत्ताच

नवं पार्टिशन पाडल्यावर हे करून बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा मूळ गेलेलं असतं.

आधी एक फाइल परत आणा, पण वेगळ्या डिरेक्टरीत. /ईटीसी/शॅडो चांगली: तिचा मालक, ग्रुप आणि परमिशन मूळाशी ताडून बघा. ती बरोबर असेल तर मालकीचं गणित बहुधा बरोबर आहे. मग आरसिंक ‘-एन’ आणि ‘-सी’ लावून चालवा. प्रत्येक फाइल वाचून चेकसमने तुलना होते. वेळ खातं, रात्री लावा.

शेवटी एक व्हर्च्युअल मशीन घ्या, तिला रिकामी डिस्क द्या आणि फक्त बॅकअपच्या डिस्कवरून सिस्टिम उभी करा. या लेखातल्या आठव्या आणि नवव्या पायऱ्या तिथे करून बघा. मूळ मशीनकडे एकदाही बघायचं नाही हा नियम. ज्या क्षणी ‘अरे, ते तर मशीनवरच आहे’ असं म्हणाल, त्या क्षणी बॅकअपमधली पहिली त्रुटी सापडली. किती वेळ लागला तेही लिहा. मशीन किती तास बंद ठेवावं लागेल हे लोकांना सांगताना अंदाजाऐवजी तो आकडा सांगता येतो.

तपासा: व्हर्च्युअल मशीन बूट झालं, लॉगिन झालं, डेटाबेसचा डंप आत गेला? तिन्हीला हो असेल तरच पुढे जा.

## ७. नवी मांडणी कागदावर

आधी मशीन कसं बूट होतं ते बघा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस पद्धत. यूईएफआयला फॅट३२ मधलं ईएफआय पार्टिशन लागतं. बायोस पद्धतीत जीपीटी डिस्कवर ग्रबसाठी (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन लागतं. ते विसरलं तर ग्रब बसताना कुरकुरतं. नेहमीच्या ५१२ बाइट सेक्टरवर जुनं एमबीआर टेबल २ टीबीपलीकडे पोहोचत नाही आणि त्यात चारच प्रायमरी पार्टिशन असतात. नव्या मांडणीसाठी जीपीटीच घ्या.

काय वेगळं करायचं? वाढून इतरांना त्रास देणारं. सर्व्हरवर तो मान /व्हारचा. लॉग बेफाम वाढले तर /व्हार भरेल, पण मुळाची फाइल सिस्टिम मोकळी राहील आणि तुम्हाला लॉगिन करून साफसफाई करता येईल. अनेक युजर असतील तर /होम वेगळं. वैयक्तिक लॅपटॉपवर मात्र मी बूटची पार्टिशन आणि एक मोठी फाइल सिस्टिम एवढंच ठेवतो. सात पार्टिशन पाडली की एक भरतं, सहा रिकामी राहतात.

काय वेगळं करायचं नाही: /ईटीसी. काय कुठे माउंट करायचं ते सांगणारा एफएसटॅब तिथेच असतो. /बिन, /एसबिन, /लिब हीही मुळावरच हवीत. /युएसआर वेगळं ठेवायचं तर ते इनिटरॅमएफएसनेच (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम) माउंट करावं लागतं. आजच्या लिनक्सवर त्यातून कटकट सोडून काही मिळत नाही.

५०० जीबीच्या सर्व्हर डिस्कचं उदाहरण घेऊ: ईएफआय १ जीबी, /बूट १ जीबी, उरलेलं सगळं एलव्हीएमकडे. एलव्हीएममध्ये रूट, म्हणजे मुळाची ‘/’ फाइल सिस्टिम, ४० जीबी, /व्हार ६०, /होम २००, स्वॅप ८. उरलेले सुमारे १९० जीबी वाटूच नका. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकणं ही या पायरीतली सर्वांत महागडी चूक. एलव्हीएममध्ये व्हॉल्यूम वाढवणं एका ओळीचं काम आहे, चालू मशीनवरही होतं. कमी करणं तसं नाही: एक्सटी४ अनमाउंट करूनच लहान करता येतं, एक्सएफएस तर लहान करण्याच्या भानगडीत पडूच नये. स्नॅपशॉटलाही हीच मोकळी जागा लागते.

लॅपटॉप हायबरनेट करत असाल तर स्वॅप साधारण रॅमइतका ठेवा.

एक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. मुळाच्या फाइल सिस्टिमवर ते योग्य आहे. २ टीबीच्या नुसत्या डेटाच्या डिस्कवर त्याचे १०० जीबी होतात. ‘ट्यून२एफएस -एम’ ने ते एक टक्क्यावर आणा.

## ८. प्रत्यक्ष मांडणी

बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. हो, केबलसकट. पार्टिशन पाडताना ती मशीनला जोडलेली नसेल तर ती चुकून पुसली जाऊ शकत नाही.

लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. ज्या पद्धतीने मशीन चालणार आहे त्याच पद्धतीने, म्हणजे यूईएफआय असेल तर यूईएफआयमध्येच. नाहीतर पुढे ग्रब चुकीच्या जागी बसतं. डिस्कचा सिरीयल नंबर पहिल्या पायरीतल्या नोंदीशी ताडा. तो जुळल्याशिवाय एकही बदल लिहू नका.

जुनी डिस्क वापरत असाल तर आधी ‘वाइपएफएस’ ने जुन्या खुणा काढा. रेडच्या किंवा एलव्हीएमच्या जुन्या खुणा राहिल्या की कर्नल त्या डिस्कला परस्पर ओळखून भलतंच काहीतरी जोडायला जातो. पहिलं पार्टिशन १ एमबीवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर सुरू होऊ द्या. आताची साधनं ते आपणहून करतात. मग एलव्हीएम, मग एमकेएफएसने फाइल सिस्टिम.

माउंट करताना क्रम पाळा: आधी नवं रूट /एमएनटीवर, मग त्याच्या आत /बूट, त्याच्या आत ईएफआय, मग /व्हार आणि /होम. रूटच्या आधी /व्हार माउंट केलं तर रूट त्याच्यावर बसतं आणि त्याला झाकून टाकतं.

तपासा: ‘फाइंडएमएनटी’ चं झाड कागदावरच्या मांडणीशी जुळतं का?

## ९. फाइली परत आणि बूटलोडर

आता बॅकअपची डिस्क जोडा, ती फक्त-वाचनासाठी माउंट करा, आणि आरसिंक त्याच ऑप्शननी उलट्या दिशेने चालवा. वगळलेल्या डिरेक्टऱ्या रिकाम्या तयार करा: /प्रॉक, /सिस, /डेव्ह, /रन, /टीएमपी. /टीएमपीची परमिशन १७७७ करायला विसरू नका. ती ७५५ राहिली तर मशीन बूट होतं, पण साध्या युजरचे प्रोग्राम विचित्र कारणं सांगत पडतात, आणि कुणालाच /टीएमपीचा संशय येत नाही.

एफएसटॅब उघडा. नव्या फाइल सिस्टिमचे यूयूआयडी नवे आहेत. बीएलकेआयडीवरून एकेक बदला. सहावा रकाना रूटसाठी १, इतरांसाठी २, एक्सएफएस आणि स्वॅपसाठी ०. बूटसाठी आवश्यक नसलेल्या डेटाच्या डिस्कला ‘नोफेल’ द्या, नाहीतर ती एक डिस्क सापडली नाही म्हणून अख्खं मशीन आणीबाणीच्या शेलमध्ये अडकतं. एनक्रिप्शन असेल तर क्रिप्टटॅबही (एनक्रिप्ट केलेल्या डिस्कची यादी) बदला. हायबरनेटसाठी स्वॅपचा यूयूआयडी कर्नलच्या ओळीत असेल, तोही.

मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन बाइंड माउंट करून नव्या सिस्टिममध्ये ‘सीएचरूट’ करा, म्हणजे तिलाच मूळ मानून आत जा. आत गेल्यावर क्रम असा: ‘फाइंडएमएनटी’चं व्हेरिफाय चालवून एफएसटॅब तपासा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, डेबियन घराण्यात ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’, रेड हॅट घराण्यात ‘ड्राकट’, ग्रब बसवा, ग्रबची कॉन्फिग पुन्हा तयार करा. बायोस पद्धतीत ग्रब अख्ख्या डिस्कवर बसतं, पार्टिशनवर नाही. एसडीएच्या जागी एसडीए१ लिहिलं की चुकलं.

एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था, जी फाइलींना लेबल लावते) चालू असेल तर मुळावर ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवा. पहिलं बूट त्यामुळे लांबतं. मध्येच पॉवर बंद करू नका.

## १०. बूट झाल्यावर

‘सिस्टिमसीटीएल’चं फेल्डचं आउटपुट रिकामं आहे का बघा, प्रत्येक युजरची क्रॉनटॅब बघा, डेटाबेसचे डंप आत घाला. मग एकदा विनाकारण रीबूट करा. पहिलं बूट तुमच्या देखरेखीखाली झालेलं असतं. दुसरं बूट मशीनने एकट्याने करायला हवं.

रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट पुन्हा लावताना कमांडचे पूर्ण पाथ लिहा, कारण क्रॉनचा पाथ तुमच्या शेलपेक्षा तोकडा असतो. स्क्रिप्टमधली फाइल सिस्टिमची यादीही बदला. काल /व्हार मुळावर होतं आणि आज वेगळं आहे, तर जुन्या स्क्रिप्टमधला लहान ‘एक्स’ आज रात्रीपासून /व्हार गुपचूप सोडून देईल.

पहिली आणि चौथी पायरी आजच्या तारखेने पुन्हा करा. जुन्या मांडणीच्या फाइली पुसू नका, पण त्यांच्या नावात ‘जुनी’ असं लिहा. वर्षभराने घाईत त्यातली एसएफडिस्कची फाइल नव्या डिस्कवर ओतली जाऊ नये. आणि जुनी डिस्क काढली असेल तर तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून महिनाभर तशीच ठेवा. महिन्यातून एकदाच चालणारे जॉब एकदा तरी नव्या मांडणीवर चालून जाऊ द्या, मग ती पुसा.